सोंडेची मगर कोठून आली?

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवर सिन्नर लागते. तेथील गोंदेश्वराचे यादवकालीन मंदिर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पुढच्या वेळी गेलात की गाभाऱ्याच्या बाहेरच्या बाजूस जरा थांबा. अभिषेकाचे पाणी जेथून बाहेर पडते, तेथे एका विचित्र प्राण्याचे तोंड दगडात कोरलेले दिसेल. हा मकर. या पन्हळीलाच मकरप्रणाल म्हणतात.

मकर कोणत्याही प्राणिसंग्रहालयात सापडणार नाही. वर वळलेली सोंड, दातांनी भरलेला लांब जबडा, आखूड पाय, अंगावर खवले आणि शेवटी माशाची शेपटी किंवा पिसाऱ्यासारखी वेलबुट्टी, असे त्याचे रूप देशभरातील शिल्पांत आढळते. मग हा निव्वळ कल्पनेचा खेळ समजायचा काय?

दूरच्या ताऱ्यात कोणती मूलद्रव्ये आहेत हे शोधताना त्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेतात आणि त्यातील एकेक रेषा ओळखीच्या मूलद्रव्याशी ताडून पाहतात. तीच रीत आपण येथे वापरू. मकराचा एकेक अवयव घेऊ आणि तो कोणाचा, ते तपासू.

आपल्यापुढे तीन संशयित आहेत : समुद्रगाय, गंगेतील डॉल्फिन आणि मगर. समुद्रगायीला पायांऐवजी वल्ह्यांसारखे पर असतात, अंगावर खवले नसतात. डॉल्फिनला लांब चोच आणि पुष्कळ दात असतात खरे, परंतु त्यालाही पाय नाहीत आणि त्याची कातडी गुळगुळीत असते. मगरीला मात्र चार आखूड पाय आहेत, पाठीवर कठीण ढलप्या आहेत आणि तोंड मिटले तरी तिचे दात बाहेर दिसतात. अवयवांची ही साक्ष मगरीच्या बाजूने पडते.

भाषेची साक्षही तशीच आहे. 'प्रकट'चे जसे 'प्रगट' झाले, तसेच 'मकर'चे 'मगर' झाले. परंतु दुसरा एक शब्द आपल्याला सावध करतो. संस्कृत 'शिशुमार' या शब्दापासून हिंदीत 'सूंस' झाला, तो डॉल्फिनसाठी. मराठीत 'सुसर' झाला, तो मगरीच्या जातीसाठी! म्हणजे जलचरांच्या नावांची सरमिसळ जुनीच आहे. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायातही मकराची गणना माशांत केली आहे. माशाची शेपटी त्याला का मिळाली असावी, याचा हा एक धागा.

आता राहिली सोंड. मगरीचा वरचा जबडा कवटीला पक्का जोडलेला असतो. तो वळू शकत नाही. घडियाल या लांब तोंडाच्या मगरीच्या प्रौढ नराला नाकाच्या टोकावर घड्यासारखा उंचवटा असतो. त्यावरून त्याचे नाव पडले. वर वळलेल्या टोकाची कल्पना त्यावरून सुचली असू शकेल. परंतु दुसरी शक्यता अधिक सरळ आहे. बिहारमधील लोमश ऋषी गुंफेच्या कमानीवर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हत्तींची रांग कोरलेली आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना मकर आहेत. ज्या कारागिरांच्या हाताखाली हत्ती आणि मकर शेजारी शेजारी घडत होते, त्यांनी एकाची सोंड दुसऱ्याला दिली तर नवल नाही. अर्थात ही शक्यता झाली, सिद्धता नव्हे.

येथे एक मोठी चूक टाळली पाहिजे. सिन्नरला मकर कोरला आहे, म्हणून गोदावरीत पूर्वी घडियाल होते असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. घडियालाचे घर उत्तरेकडे गंगा, चंबळ आणि पूर्वेकडे महानदी या नद्यांत. महाराष्ट्रात सांगलीजवळ कृष्णेत किंवा महाडजवळ सावित्रीत दिसते ती रुंद तोंडाची मगर. कारागीर बहुधा प्राणी पाहून नव्हे, तर आधीच्या शिल्पांचा नमुना पाहून कोरतो. ताऱ्याचा वर्णपट ताऱ्याकडूनच येतो. शिल्प मात्र नकलेची नक्कल असू शकते. प्राण्याचा आढळ सिद्ध करायचा तर हाडे, दात किंवा जीवाश्म हवेत.

मूळ नमुने मात्र आज संकटात आहेत. १९७५ साली भारतात मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला, तरीही घडियालाची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. गंगेतील डॉल्फिनला २००९ साली राष्ट्रीय जलचराचा मान देण्याचे ठरले. तोही संकटग्रस्तच आहे. दगडातील मकर हजार वर्षे टिकला, पण नदीतील प्राण्याला वाहते, स्वच्छ पाणी आणि मोकळा वाळूचा काठ लागतो.

आता तुम्ही एक काम करा. जवळच्या मंदिरातील मकर, कीर्तिमुख किंवा व्याल यांचे चित्र वहीत काढा. शेजारी तीन रकाने आखा : अवयव, तसा अवयव असलेला खरा प्राणी, आणि तो प्राणी त्या भागात आढळतो काय? वेरूळला गेलात तर २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यातील गंगा कोणावर उभी आहे, तेही पाहा. तिसरा रकाना भरताना जेथे अडाल, तेथूनच खरे संशोधन सुरू होईल.