ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड: कूलिंग लूप बंद पडलाय? या क्रमाने तपासा

क्ले एंटरटेनमेंटच्या या पीसी गेममध्ये बेस हळूहळू तापत जातो. तापमान ३० अंशांच्या वर गेलं की मीलवूडची वाढ थांबते, आणि मग ड्युप्लिकंट उपाशी राहायला लागतात. म्हणून बहुतेक जण ॲक्वाट्यूनर आणि स्टीम टर्बाइनची जोडी बसवतात. ती नीट चालत नसेल तर सगळं पाडून पुन्हा बांधू नका. आधी हे बघा.

१. वायर सारखी तुटते?
ॲक्वाट्यूनरला १२०० वॅट लागतात आणि साधी वायर १००० वॅटच सोसते. २००० वॅटची कंडक्टिव्ह वायर टाका.

२. पाइप फुटतो?
ॲक्वाट्यूनर आत आलेलं द्रव सरळ १४ अंशांनी थंड करतो. म्हणजे १० अंशांचं पाणी गेलं तर बाहेर पडताना ते गोठणार आणि पाइप फुटणार. आत जाणाऱ्या पाइपवर थर्मो सेन्सर लावा, तो ऑटोमेशन वायरने ॲक्वाट्यूनरला जोडा आणि 'यापेक्षा जास्त' वर १८ अंश सेट करा. यापेक्षा थंड हवं असेल तर लूपमध्ये दूषित पाणी भरा, ते उणे २० अंशांच्या आसपास गोठतं.

३. द्रव जागचं हलत नाही?
ॲक्वाट्यूनर बंद असताना द्रवाला पुढे जायला दुसरी वाट लागते. ब्रिज टाकून बायपास करा. लूप काठोकाठ भरला असेल तरी तो अडकतो, थोडं द्रव काढून टाका.

४. ॲक्वाट्यूनर ओव्हरहीट होतो?
द्रवातली उष्णता नाहीशी होत नाही, ती ॲक्वाट्यूनरमध्येच साठते. म्हणून तो स्टीलचा बनवा (३२५ अंशांपर्यंत टिकतो) आणि वाफेच्या खोलीतच ठेवा.

५. टर्बाइन फिरत नाही?
वाफ किमान १२५ अंश हवी. टर्बाइन स्वतः १०० अंशांच्या वर तापला तरी बंद पडतो, तेव्हा थंड लूपचा एक फेरा त्याच्या मागून न्या. त्यातून निघणारं ९५ अंशांचं पाणी परत वाफेच्या खोलीत सोडा, नाहीतर वाफच संपेल.

६. सगळं चालू, तरी बेस गरम?
पाइपचा प्रकार बघा. जिथे थंडावा हवा तिथे रेडियंट, बाकी वाटेत इन्सुलेटेड. पाइप अर्धाच भरलेला असेल तरी वीज पूर्ण जाते आणि थंडावा मात्र निम्माच मिळतो.

कीबोर्डवर एफ२ वीज, एफ३ तापमान आणि एफ६ पाइप दाखवतं. गेम पॉझ करून या तीन नजरा टाका, बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.