हळदीचा डाग, चुन्याची डबी आणि पीएच

हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो आणि भरपूर पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा दिसतो, हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. यात जादू नाही, कुणाची करणीही नाही. हे साधं रसायनशास्त्र आहे. साबण अल्कली आहे आणि अल्कली लागली की हळद लाल होते. लिंबासारख्या आम्लात ती पिवळीच राहते.

आम्ल किती आणि अल्कली किती, हे आकड्यात सांगण्याची मोजपट्टी म्हणजे पीएच. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला ‘सामू’ म्हणतात. १९०९ साली डेन्मार्कच्या सोरेन्सन या शास्त्रज्ञाने ती मांडली. पट्टी साधारण ० ते १४ अशी असते. मधला ७ हा शुद्ध पाण्याचा. त्याच्या खाली आम्ल, वर अल्कली. लिंबाचा रस २ च्या जवळपास, ताक साडेचारच्या आसपास, अंगाचा साबण ९ ते १०, तर तंबाखूबरोबर मळायचा ओला चुना १२ च्या वर. पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ असावा, असं भारतीय मानक सांगतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. या पट्टीवरची प्रत्येक पायरी दहापट असते. दोन पायऱ्या म्हणजे शंभरपट, तीन म्हणजे हजारपट. आपल्या अश्रूंचा पीएच सुमारे ७.४ आणि चुन्याचा १२.४. मधे पाच पायऱ्या. म्हणजे चुना अश्रूंपेक्षा १ लाख पट जास्त अल्कली!

शहापूर-मुरबाडच्या वस्त्यांत चुन्याची डबी, पुडी नाहीतर ट्यूब खिशात, उशाखाली, दाराच्या फळीवर पडलेली असते. मूल ती दाबतं, फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. ‘चुनाच तर आहे, ॲसिड थोडंच आहे’ असं म्हणून वेळ घालवू नका. आम्लाने भाजलं की वरचा थर गोठतो आणि ते आत जायला थोडा अडथळा होतो. अल्कली मात्र पेशींतली चरबी विरघळवत खोल शिरते. डोळा कायमचा जाऊ शकतो.

असं झालं तर पहिलं औषध पाणी. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार लगेच सुरू करा आणि किमान अर्धा तास थांबू नका. चुन्याचे कण दिसले तर ओल्या स्वच्छ फडक्याच्या टोकाने अलगद काढा. लिंबू, दूध, तूप, मध काहीही घालू नका. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता निर्माण होते, इजा वाढते. डोळा धुऊन झाल्यावर शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन आधीच लावा आणि ती येईपर्यंत धुत राहा.

पट्टीचं दुसरं टोकही आपल्या घरात आहे. संडास धुवायचं ॲसिड १ च्या आसपास किंवा त्याहून खाली असतं. ते थंड पेयाच्या जुन्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. कुणी चुकून प्यायलं तर उलटी करवू नका. येताना जे वर आलं, ते गळा पुन्हा जाळतं. तोंड धुवा आणि बाटलीसह दवाखान्यात न्या. तसंच, विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आणि ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात जीव गुदमरतो.

या आठवड्यात मुलांना घेऊन एक प्रयोग करा. हळदीचं पाणी कागदाला लावून वाळवा. त्यावर एका बाजूला साबणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला लिंबाचा थेंब टाका. रंग बदलताना मुलं पाहतील, प्रश्न विचारतील. त्यांना चुन्याचा आकडा सांगा. आणि त्याच दिवशी घरातली डबी मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. तंबाखूच सुटली तर डबीही घराबाहेर जाईल, हे वेगळं सांगायला नको.