डीव्हीआरचं प्लग-इन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उल्हासनगरातलं दुकान असो, अंबरनाथ एमआयडीसीतला छोटा कारखाना असो की बदलापूरची सोसायटी. दहा-बारा वर्षांपूर्वी बसवलेला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, अनेक ठिकाणी अजून सुरू आहे. पार्किंगमधून दुचाकी गायब झाली की सेक्रेटरी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डीव्हीआरचा आयपी पत्ता टाकतात. लॉगिन होतं, पण कॅमेऱ्यांच्या जागी काळे चौकोन आणि प्लग-इन टाकायला सांगणारी एक ओळ. पुढे घाईत नको ते होतं.

गैरसमज: चित्र दिसत नाही, म्हणजे रेकॉर्डिंग गेलं.
वस्तुस्थिती: रेकॉर्डिंग डीव्हीआरच्या हार्डडिस्कवर असतं, ब्राउझर ते फक्त दाखवतो. मात्र डिस्क भरली की जुन्यावर नवं लिहिलं जातं. म्हणून आधी डीव्हीआरला मॉनिटर आणि माउस जोडा, हवी ती वेळ शोधा आणि पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या. प्लग-इनचं नंतर बघता येईल.

गैरसमज: क्रोम काढून पुन्हा टाकलं की चालेल.
वस्तुस्थिती: क्रोमने अशी जुनी प्लग-इन सप्टेंबर २०१५ मध्येच बंद केली, मार्च २०१७ पासून फायरफॉक्सनेही फ्लॅश सोडून बाकीची बंद केली. त्यासाठी क्रोमची जुनी आवृत्ती शोधून टाकू नका. तिच्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी तशाच उघड्या आहेत, आणि त्याच कॉम्प्युटरवर सोसायटीचं बँक खातंही उघडलं जातं.

गैरसमज: इंटरनेट एक्सप्लोरर गेलं, आता डीव्हीआर भंगारात.
वस्तुस्थिती: एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झालं, पण मायक्रोसॉफ्ट एजमध्ये आयई मोड (एक्सप्लोररसाठी बनवलेली पानं उघडण्याची सोय) आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत राहील, असं कंपनीने सांगितलं आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’ उघडा, आयई मोडला परवानगी द्या, खालच्या यादीत डीव्हीआरचा पत्ता भरा आणि एज पुन्हा सुरू करा. यादीत फक्त डीव्हीआरचाच पत्ता ठेवा.

गैरसमज: प्लग-इन कुठूनही उतरवलं तरी चालतं.
वस्तुस्थिती: ते डीव्हीआरच्या लॉगिन पानावरून किंवा बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. फ्लॅशचंच बघा: अडोबीने १२ जानेवारी २०२१ पासून ते चालणंच रोखलं, तरी त्याच्या नावाने व्हायरस पसरवले जातात.

आयई मोडमधली नोंद ३० दिवसांनी संपते. दर महिन्याला ती पुन्हा भरा आणि त्याच वेळी सगळे कॅमेरे दिसतात का, तेही तपासा. बंद कॅमेरा चोरीच्या आधीच लक्षात येईल.