वॉट किती विचारलंत, आता मिनिटं विचारा

हौशी रेडिओ, हातानं : लेखांक ९

मागच्या आठवड्यात एसडब्ल्यूआर कसा वाचायचा ते पाहिलं. आता मुद्दा असा, की रिग तपासताना तिच्या पाठीला काय जोडायचं? अँटेना तर मुळीच नको. बसवनगुडीतल्या गच्चीवरच्या तारेतून ४० मीटर पट्ट्यात, म्हणजे ७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, दहा वॉट सोडले तरी दिवसाढवळ्या ते पुण्या-मुंबईच्या हॅमच्या कानावर पडतात. आपण इथे माइकचं बटण दाबून 'हॅलो, टेस्ट' करत बसलो, तर तिकडे कुणाच्या तरी गप्पांचा विचका होतो. म्हणून डमी लोड. हा ५० ओहमचा एक रोध. रिगला समोर नीट जुळलेली अँटेना दिसते आणि सगळी शक्ती उष्णता होऊन जिरते.

निवडताना पहिली फसगत वॉटच्या आकड्यात होते. डब्यावर ठळक '१०० वॉट' असतं आणि 'सलग अमुक सेकंद' हे माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात. एसएसबीवर बोलताना सरासरी शक्ती कमी असते, त्यामुळे लोड तगतो. एफएमवर मात्र बटण दाबलं की पूर्ण शक्ती अखंड जाते. हीटकिटचा प्रसिद्ध 'कँटेना' एक किलोवॉट झेलायचा, पण गॅलनभर तेलात बुडालेला रोध आणि मोजकी मिनिटं, या बोलीवर. तेलामुळे तापायला वेळ लागतो, इतकंच. तापायचं थांबत नाही. घरी तेलाचा डबा करणार असाल, तर जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल चुकूनही घेऊ नका, त्यात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं.

दुसरा प्रश्न वारंवारतेचा. वायरवाउंड रोध म्हणजे तारेचं वेटोळं. मल्टिमीटरवर तो चोख ५० ओहम दाखवेल, कारण मल्टिमीटर डीसीवर मोजतो; रेडिओ वारंवारतेला त्याचं इंडक्टन्स आडवं येतं. बल्बही नको. गार असताना फिलामेंटचा रोध तापल्यावरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो, म्हणजे शक्ती बदलली की लोडही बदलला. शिवाय उघडा बल्ब थोडंफार प्रसारण करतो, ते वेगळंच.

पाच-दहा वॉटांच्या रिगसाठी, उदाहरणार्थ हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आराखडा दिलेल्या बिटएक्ससाठी, लोड घरीच करावा. नॅशनल कॉलेजहून मेट्रोनं चिकपेटला उतरून एस. पी. रोड गाठा आणि १ किलोओहम, २ वॉटचे वीस मेटल ऑक्साइड रेझिस्टर मागा. तांबं चढवलेल्या दोन पट्ट्यांमध्ये ते समांतर जोडले की १००० भागिले २०, बरोबर ५० ओहम. कागदावर ४० वॉट. पाय जितके आखूड ठेवाल तितकं बरं. सेंटीमीटरभर तारेचं इंडक्टन्स साधारण १० नॅनोहेन्री. ७ मेगाहर्ट्‌झवर ते अर्ध्या ओहमहूनही कमी भरतं, १४५ वर मात्र नऊ ओहम. त्यामुळे टू-मीटरच्या हँडीसाठी ज्याच्यावर वारंवारतेची मर्यादा छापलेली आहे असा तयार लोडच घ्यावा.

त्याच पट्टीवर एक १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चढवलात की वॉटमीटरही झाला. कपॅसिटरवरच्या डीसी व्होल्टमध्ये डायोडचे ०.६ मिळवा, वर्ग करा, १०० नं भागा. ३१ व्होल्ट आले, तर शक्ती झाली जवळजवळ १० वॉट. वीस वॉटला मात्र या डायोडवर उलट्या दिशेनं ९० व्होल्टच्या आसपास ताण येतो, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुकानात टीव्हीचा ७५ ओहमचा टर्मिनेटर हाती ठेवतील. त्यावर एसडब्ल्यूआर १.५ येईल. जुन्या कोअ‍ॅक्स नेटवर्कचा बीएनसी टर्मिनेटर ५० ओहमचाच असतो, पण तो झेलतो वॉटच्या अंशात. रिग त्याला लावू नका, मोजमापाच्या यंत्राला जरूर लावा.

थोडक्यात, आधी स्वतःच्या रिगचे वॉट, मोड आणि सर्वांत वरची वारंवारता कागदावर लिहा, मगच दुकानात जा. एफएम किंवा डिजिटल करणार असाल, तर सलग क्षमता रिगच्या दुप्पट धरा. आणि लोडवर एसडब्ल्यूआर १:१ आला म्हणून हुरळून जाऊ नका: त्यातून रिग आणि केबल ठीक आहेत एवढंच कळतं, अँटेनाची परीक्षा बाकीच राहते. ती पुढच्या लेखांकात, नॅनोव्हीएनए घेऊन.