तोंड लपलं की जीभ सैल!

एक प्रश्न विचारू? तुमच्या वर्गातल्या बाकांवर, शाळेच्या मागच्या भिंतीवर कोणाची तरी टिंगल लिहिलेली असते ना? ‘अमका ढ’, ‘तमकी काळी’, आणि कधी कधी तर वाचायलाही लाज वाटेल असं काहीबाही! आता सांगा बरं, त्याच्या खाली लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव कधी लिहिलेलं पाहिलंत? नाही ना! ज्याची टिंगल, त्याचं नाव ठळक अक्षरात. आणि टिंगल करणारा मात्र गायब!

हे फक्त लहान मुलंच करतात असं समजू नका हं. कन्हान नदीच्या पुलाजवळ गाड्यांची रांग लागली, की मोठी माणसं कशी बोलतात ते ऐका. “काऊन बे, दिसत नाही का?” असं कारच्या काचेआडून ओरडणारे काका एरवी बाजारात भेटले, तर “या ना भाऊ, चहा घेऊ” म्हणतात! माणूस तोच, जीभही तीच. मग फरक कशानं पडला?

आमचं कन्हान तसं लहान गाव. खाणीत काम करणारे, रेल्वेतले, दुकानदार, कोणी ना कोणी ओळखीचं निघतंच. त्यामुळे गावात माणूस जपून बोलतो. आपलं बोलणं संध्याकाळपर्यंत घरी पोचेल, याची त्याला खात्री असते. पण जिथं आपल्याला कोणीच ओळखत नाही, तिथं हा लगाम सुटतो.

गोळ्यांचा प्रयोग

शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहरात झालेला एक मजेदार प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. तिकडे ‘हॅलोविन’ नावाचा सण असतो. मुलं सोंगं घेऊन, मुखवटे लावून घरोघर खाऊ मागत फिरतात. २७ घरांत वाडगाभर गोळ्या ठेवल्या होत्या. घरातली बाई सांगायची, “प्रत्येकानं एकच घ्या हं,” आणि आत निघून जायची. कोणीतरी लपून बघत असायचं. अशी तेराशेच्या वर मुलं येऊन गेली. काही मुलांना बाईनं आधी नाव आणि पत्ता विचारला, काहींना नाही. जी मुलं एकटी आली आणि ज्यांनी नाव सांगितलं, त्यांच्यापैकी शंभरात सात-आठ जणांनीच जास्तीचा खाऊ उचलला. पण घोळक्यानं आलेल्या, नाव न सांगितलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी हात मारला!

म्हणजे बघा, दोन गोष्टींनी मन घसरलं. एक, मला कोणी ओळखत नाही. दुसरी, सगळेच करताहेत, मग मी एकट्यानंच केलं असं थोडंच आहे!

तिसरी गोष्ट आहे डोळ्यांची. २०१२ मध्ये इस्राएलमधल्या दोन संशोधकांनी अनोळखी लोकांच्या जोड्या लावून त्यांना संगणकावर लिहून वाद घालायला सांगितलं. कोणाला समोरच्याचं नाव माहीत होतं, कोणाला नव्हतं. काहींना पडद्यावर समोरच्याचे डोळे दिसत होते, काहींना नाही. बोलणं सर्वांत जास्त कडू कशानं झालं? डोळे न दिसल्यानं! समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं, की आपण आपोआप थांबतो. बाकाला मात्र डोळे नसतात, आणि मोबाइलवरच्या अक्षरांनाही नसतात.

एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट ऐका. साल १८४८. पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई फुले शिकवायला जाऊ लागल्या. रस्त्यात लोक त्यांना शिव्या देत, अंगावर शेण-चिखल फेकत. सावित्रीबाई सोबत दुसरं लुगडं नेत आणि शाळेत गेल्यावर बदलत. पण शाळा त्यांनी सोडली नाही. ते शेण फेकणारे कोण होते? एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. गर्दीत सगळ्यांचेच चेहरे लपतात.

त्याच १८४८ साली मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावानं पत्रं छापून येऊ लागली. लिहिणारे होते गोपाळ हरि देशमुख. ते सरकारी नोकरीत होते. त्यांनीही खरं नाव झाकलंच होतं की! आणि लिहिणं तर कमालीचं झोंबरं. मुलींना शिकू द्या, विधवांना पुन्हा लग्न करू द्या, जातीचा गर्व सोडा, असं त्यांनी १०८ पत्रांतून बजावलं. त्यांना आज आपण ‘शतपत्रे’ म्हणतो. पण त्यांचा मारा होता वाईट चालीरीतींवर, आणि त्यातून स्वतःची जातही त्यांनी सोडली नाही.

म्हणजे नाव झाकणं हेच वाईट, असं नाही बरं का! शाळेतल्या तक्रारपेटीत नाव न लिहिता चिठ्ठी टाकता येते. मतदानही गुप्तच असतं. दुबळ्याला खरं सांगता यावं, म्हणून हा पडदा आहे. तोच पडदा दुबळ्याला बोचकारायला वापरला, तर?

मी चौथीला शिकवते. बाकावर आपलं नाव वाचणारं पोर काय करतं, ते मी पाहिलेलं आहे. आधी ते कर्कटकानं अक्षरं खरवडतं. मग वर्गात हात वर करणं बंद होतं. मग “पोट दुखते” म्हणून शाळेला दांडी. लिहिणाऱ्याला एक मिनिट मजा वाटली, वाचणाऱ्याचं मात्र वर्ष गेलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, कोणी लिहिलं ते ठाऊक नसल्यानं त्याला पूर्ण वर्गाचाच संशय येऊ लागतो.

म्हणून नाव न लिहिता काही लिहायच्या आधी, किंवा अनोळखी माणसावर ओरडायच्या आधी, स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. हेच मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणेन का?
२. खाली माझं नाव असतं, तरी असंच लिहिलं असतं का?
३. यानं कोणाचं काही भलं होणार आहे का?

तिन्ही उत्तरं ‘नाही’ आली, तर पेन्सिल खाली ठेवा!

आणि आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही. रिक्षावाले, भाजीवाल्या मावशी, चुकून फोन लावणारा अनोळखी माणूस, यांच्याशी तुम्ही कसं बोलता, ते मुलं मागच्या सीटवर बसून ऐकत असतात. ओळखीच्या माणसाशी तर सगळेच गोड बोलतात. संस्कार कळतात ते अनोळखी माणसाशी बोलताना.