कोल्ड स्टोरेज काढताय? स्प्रिंकलरच्या पाइपात पाणी आहे का, ते आधी विचारा

कोल्ड स्टोरेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टवरचा व्हिडिओ टाकल्यावर तासगावकडच्या एका मित्राने दोन कोटेशन्स पाठवली. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला जोडून त्याला फ्रोझन मटार आणि स्वीट कॉर्नसाठी उणे २० डिग्रीचं नवं चेंबर काढायचंय. फायर सिस्टिमच्या दोन कोटेशन्समध्ये काही लाखांचा फरक. त्याचा प्रश्न सरळ होता, "सर, कमीवालं घेऊ ना?"

मी कमीवालं उघडलं. त्यात एकच ओळ होती: सर्व चेंबर्सना वेट पाइप स्प्रिंकलर. मी त्याला म्हटलं, थांब.

वेट पाइप म्हणजे काय? आपण मॉलमध्ये, ऑफिसमध्ये छताला बघतो ती साधी सिस्टिम. पाइपात चोवीस तास दाबाखाली पाणी भरलेलं असतं. टोकाला काचेची छोटी नळी असते, लाल रंगाची असेल तर ती साधारण ६८ डिग्रीला फुटते आणि तिथून पाणी सुटतं. (सिनेमात एक फुटला की सगळे सुटतात, तसं होत नाही. ज्याला उष्णता लागते तोच फुटतो.) स्वस्त, सोपी, भरवशाची सिस्टिम. अट एकच, जागा ४ डिग्रीच्या खाली जाता कामा नये.

आता हीच सिस्टिम उणे २० च्या चेंबरमध्ये टाका. पाण्याची भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये विसरलात तर काय होतं, ते घरोघरी माहीत आहे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. पाइप बरेचदा बर्फ जमला तिथे फुटतही नाही. बर्फाचा बूच आणि बंद टोक यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि तिथलं फिटिंग जातं. आणि पाइप फुटला नाही तरी आत बर्फ आहेच. म्हणजे आग लागली तर पाणी येणार नाही.

आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या फायर कॉन्ट्रॅक्टरच्याही हे डोक्यात येत नाही, आणि त्यात नवल नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले तर आपल्याकडे त्याची बातमी होते. बाहेर कधी गोठत नाही, त्यामुळे गोठलेला पाइप कोणी बघितलेलाच नसतो.

"इतक्या थंडीत आग कशी लागेल?" हा प्रश्नही येतो. माल थंड असतो, पण भिंती पफ पॅनेलच्या असतात, आणि पफ पेटतो. वर वायरिंग, डिफ्रॉस्टचे हीटर, पुठ्ठ्याचे खोके. ७ जानेवारी २००८ ला दक्षिण कोरियात इचॉन इथे पूर्ण होत आलेल्या कोल्ड स्टोरेजला आग लागली, त्यात ४० माणसं गेली.

मग करायचं काय? पहिला पर्याय ड्राय पाइप. चेंबरच्या पाइपात पाण्याऐवजी दाबाची हवा किंवा नायट्रोजन असतो. पाणी बाहेर, न गोठणाऱ्या खोलीत, एका व्हॉल्व्हमागे थांबलेलं असतं. व्हॉल्व्हची झडप अशी केलेली असते की कमी दाबाची हवा पाच-सहा पट जास्त दाबाचं पाणी अडवून धरते. स्प्रिंकलर फुटला की हवा जाते, झडप उघडते, पाणी धावतं.

पण पाणी पोचायला वेळ लागतो. अमेरिकेचं एनएफपीए १३ हे मानक मोठ्या ड्राय सिस्टिमला सर्वात लांबच्या टोकापर्यंत साधारण ६० सेकंदांची मुदत देतं. तेवढ्यात आग पसरते, म्हणून हिशोबात क्षेत्रफळ ३० टक्के जास्त धरतात. पंप आणि टाकी त्यामुळे मोठी होते. महागड्या कोटेशनमधला बराचसा फरक इथून आला होता.

दुसरा पर्याय प्री-ॲक्शन. डबल इंटरलॉक प्रकारात डिटेक्टरने आग ओळखली आणि स्प्रिंकलरही फुटला, तरच पाइपात पाणी शिरतं. खर्च जास्त. पण फोर्कलिफ्टचा मास्ट स्प्रिंकलरला धडकला, असं गोदामात होतंच. साध्या ड्राय पाइपमध्ये त्या एका धक्क्याने सगळं जाळं पाण्याने भरतं आणि गोठतं. मग चेंबर रिकामं करून पाइप उतरवत बसा.

छोट्या चेंबरसाठी मला तिसरा पर्याय आवडतो: ड्राय पेंडंट. पाण्याचा पाइप पॅनेलच्या छताच्या वर, पत्र्याखालच्या गरम जागेत. तिथून फक्त एक बंद, कोरडी नळी छतातून खाली चेंबरमध्ये. आपल्याकडे पत्र्याखाली थंडी कुठली! मात्र नळी पुरेशी लांब हवी, नाहीतर धातूतून थंडी वर चढते. आणि पॅनेलला पाडलेलं भोक नीट सील हवं, नाहीतर दमट हवा शिरून बर्फाचे गोळे लटकतात.

ड्राय पाइप घेणार असाल तर दोन गोष्टी लेखी घ्या. पाइपांना उतार किती आणि ड्रेन व्हॉल्व्ह कुठे? टेस्टिंगचं पाणी सखल जागी राहिलं आणि तुम्ही चेंबर थंड करायला सुरुवात केलीत, की संपलं. आणि कॉम्प्रेसर हवा कुठून ओढणार? पावसाळ्यातली दमट हवा पाइपात गेली तर आतल्या आत बर्फ साचून बूच तयार होतो. हवा वाळवणारा ड्रायर हवाच. कोटेशनमध्ये हा सापडला नाही की समजा, समोरच्याने फ्रीझरचं काम केलेलं नाही.

कागदाचं थोडक्यात. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे लायसन्सधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी द्यावा लागतो. त्या तपासणीत ड्रेन उघडून पाणी काढायला सांगा. विम्याच्या सर्व्हेअरला डिझाइन काम सुरू व्हायच्या आधी दाखवा.

त्या मित्राचा परवा मेसेज आला. स्वस्तवाल्याने सुधारित कोटेशन दिलंय. बेदाण्याच्या ५ डिग्रीच्या चेंबरला वेट पाइप, नव्याला ड्राय पाइप आणि ड्रायर. फरक आता फार राहिलेला नाही. ड्रेन कुठे, ते नकाशात अजून नाही. तो नकाशा हातात येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नको, असं मी कळवलंय.