रक्ताच्या थेंबात कूळ दिसते काय?

नेदरलँड्स देशाच्या फ्रीसलंड प्रांतात १९९९ सालच्या मे महिन्याच्या आरंभी एका सोळा वर्षांच्या मुलीचा खून झाला. गावकऱ्यांची बोटे तत्काळ जवळच्या छावणीतील परदेशी आश्रितांकडे वळली. असले कृत्य आपल्यातला मनुष्य करणार नाही, ही समजूत जगात सर्वत्र सारखीच असते. परंतु खुन्याने मागे ठेवलेल्या खुणेतील पितृवंशीय गुणसूत्र लायडन येथील शास्त्रज्ञांनी तपासले आणि तो बहुधा वायव्य युरोपीय वंशाचा असावा, असे सांगितले. पुढे २०१२ साली त्या परिसरातील सुमारे आठ हजार पुरुषांना आपण होऊन नमुना देण्याचे आवाहन करण्यात आले. त्यातून जो सापडला तो तिथलाच एक शेतकरी निघाला. त्यानेही स्वेच्छेनेच नमुना दिला होता. २०१३ साली त्याला अठरा वर्षांची शिक्षा झाली.

पोलिसांची नेहमीची डीएनए चाचणी म्हणजे केवळ जुळवाजुळव होय. घटनास्थळीचा नमुना आणि संशयिताचा नमुना एकच आहेत की नाहीत, एवढेच ती सांगते. संशयितच ठाऊक नसेल तर ती मुकी राहते. नवी चाचणी निराळाच प्रश्न विचारते : हा नमुना ज्याचा आहे तो दिसतो कसा, आणि त्याचे पूर्वज कोणत्या प्रदेशातले?

यांपैकी डोळ्यांच्या रंगाचे उत्तर सर्वांत भरवशाचे. बुबुळात मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य किती असावे, हे मुख्यतः एका जनुकावर अवलंबून असते. आणि शेजारच्या दुसऱ्या जनुकातील एकच अक्षर बदलले की ते जनुक मंदावते व डोळे निळे होतात. २०११ साली रॉटरडॅमच्या संशोधकांनी अशी सहा स्थाने निवडून निळे व तपकिरी डोळे ओळखण्याची पद्धत सिद्ध केली. २०१८ पर्यंत केस आणि त्वचा यांचे रंगही धरून ही स्थाने एक्केचाळीस झाली. मात्र आपल्याकडे ज्यांना आपण घारे डोळे म्हणतो, त्यांच्यापुढे हे शास्त्र अजून चाचपडते.

कुळाची गोष्ट अधिक नाजूक आहे. अमक्या लोकांचे म्हणून एखादे वेगळे अक्षर नसते. कोणते अक्षर कोणत्या प्रदेशात अधिक व कोणत्या प्रदेशात कमी आढळते, एवढाच फरक असतो. अशी पुष्कळ स्थाने एकत्र करून, तुलनेसाठी जमविलेल्या नमुन्यांशी ती ताडून, शक्यता वर्तविली जाते. म्हणजे ज्या समाजाचे नमुने त्या संग्रहातच नाहीत, त्याचे नाव उत्तरात येणारच नाही. त्याच्या माणसाची वाटणी इतरांत होऊन जाईल.

आता हीच चाचणी आपल्यातील एखाद्यावर झाली तर? २०१६ साली अठरा बेने इस्राएल व्यक्तींच्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वंश भरीव प्रमाणात आहेत, व त्यांचा संगम सुमारे एकोणीस ते तेहेतीस पिढ्यांपूर्वी झाला असावा, असे त्यात आढळले. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची कथा ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकली, त्यांना यात धक्का बसण्याजोगे काही नाही. परंतु गुन्ह्याचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती जो कागद पडेल त्यावर ‘दक्षिण आशिया’ आणि ‘पश्चिम आशिया’ अशी मोघम नावेच असतील. शब्बाथ पाळणारा पेणकर त्या कागदावर दिसणार नाही.

रंगावरून कूळ ठरविण्याची हौस आपल्यालाही नवी नाही. कोकणात ‘गोरे इस्राएल’ व ‘काळे इस्राएल’ असा भेद होता आणि त्यांच्यात सोयरीक होत नसे. ज्यांच्या पूर्वजांत परजातीची स्त्री होती असे मानले जाई ते काळे, मग कातडी कशीही असो! युरोपात जवळजवळ सर्वांत आढळणारे, त्वचा उजळ करणारे एक जनुकरूप भारतातही असंख्य लोकांत आढळते, हे त्या काळच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दावीद राहाबी यांनी मात्र, परंपरा सांगते त्याप्रमाणे, आपली परीक्षा घेतली ती मासळीवरून. आपल्या बायकांनी पर व खवले असलेली मासळी तेवढी निवडली आणि त्यांची खात्री पटली.

या देशात आल्यावर पुन्हा कूळ विचारले गेले. १९६२ साली मुख्य रब्बी-संस्थेने विवाहापूर्वी आपल्या पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश काढले. आपली माणसे यरुशलेमच्या रस्त्यावर बसली, तेव्हा ऑगस्ट १९६४ मध्ये कनेसेटने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. त्या वेळी ही चाचणी हाती असती तर चौकशी करणाऱ्यांनी ती मागितली नसती, असे आम्हांस छातीठोकपणे म्हणवत नाही.

जर्मनीने २०१९ च्या कायद्याने पोलिसांना डोळे, केस व त्वचा यांचा रंग आणि वय अजमावण्याची मुभा दिली, वंशप्रदेश मात्र वगळला. नेदरलँड्समध्ये २००३ पासून वंशप्रदेशही तपासता येतो. आमचे मन जर्मन कुंपणाकडे झुकते. तरीही फ्रीसलंडच्या छावणीतील ज्या निरपराधांवर गाव उठले होते, त्यांच्या बाजूने पहिला शब्द याच चाचणीने उच्चारला, हे नाकारता येत नाही.